देवमाशाला पाय नाहीत, मग कमरेची हाडं कशाला?

नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत अडकलं होतं. त्याला पुन्हा खोल पाण्यात नेण्यासाठी चाललेल्या धडपडीचे व्हिडिओ तेव्हा अनेकांच्या मोबाइलवर आले असतील. बरेच प्रयत्न झाले, पण पिल्लू वाचलं नाही.

मासा पाण्याबाहेर काढला की मरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण देवमासा हा नावापुरताच मासा. तो सस्तन प्राणी आहे, पिल्लांना दूध पाजतो आणि आपल्यासारखाच फुप्फुसांनी हवेत श्वास घेतो. मग हवेत श्वास घेणारा प्राणी वाळूवर येऊन का मरतो?

त्याची कारणं एकापेक्षा जास्त असतात. किनाऱ्याला लागणारा देवमासा बऱ्याचदा आधीच आजारी किंवा जखमी असतो, पाण्याबाहेर त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पण एक मोठं कारण त्याच्या सांगाड्यात आहे. गाय किंवा हत्ती यांची छाती चार पायांच्या खांबांवर जमिनीपासून वर उचललेली असते. देवमाशाला असे खांब नाहीत. पाण्यात त्याचं वजन पाणीच पेलतं, त्यामुळे खांबांची गरजही नसते. शिवाय माणसाच्या बरगड्यांच्या वरच्या सात जोड्या छातीच्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या असतात. निळ्या देवमाशाच्या गटात फक्त पहिली जोडी तशी जोडलेली असते, बाकीच्या पुढून मोकळ्या. खोल बुडी मारली की पाण्याच्या दाबाखाली त्याची छाती न मोडता दबते आणि वर आल्यावर पुन्हा फुलते. वाळूवर मात्र हाच गुण त्याच्या जिवावर उठतो. कित्येक टनांचं शरीर स्वतःच्याच फुप्फुसांवर बसतं.

म्हणजे प्राणी कसा जगतो हे त्याच्या हाडांत दिसतं. पण त्याच सांगाड्यात आणखी एक गोष्ट दिसते, जी या पोहण्या-बुडण्याशी जुळत नाही. देवमाशाला मागचे पाय नाहीत. तरीही शेपटीकडच्या भागात, मांसात रुतलेली, पाठीच्या कण्याला कुठेही न जोडलेली दोन छोटी हाडं सापडतात. ती कमरेची हाडं आहेत.

ती तिथे काय करतात हे समजून घ्यायचं तर आधी हाडांची तुलना कशी करतात ते पाहावं लागेल.

चिकन लॉलीपॉपपासून सुरुवात

चिकन लॉलीपॉप बहुतेक वेळा कोंबडीच्या पंखापासून बनवतात. पुढच्या वेळी अख्खा पंख हातात आला, तर खाण्याआधी नीट बघण्यासारखा आहे. खांद्याकडच्या तुकड्यात एकच जाड हाड असतं. मधल्या तुकड्यात शेजारी शेजारी दोन हाडं. आणि टोकाकडे लहान लहान, एकमेकांना चिकटलेली हाडं.

आता स्वतःचा हात चाचपून पाहा. दंडात एक हाड. कोपराच्या पुढे दोन. मग मनगटाची छोटी हाडं आणि बोटं. क्रम तोच.

तंगडीतही असंच आहे. तंगडी खाताना मुख्य हाडाला चिकटलेलं एक सुईसारखं टोकदार हाड दाताखाली येतं. ते आपल्या पोटरीतल्या दोन हाडांपैकी बारीक हाडाचं कोंबडीतलं रूप. आणि कोंबडीचा गुडघा ‘उलटा’ वाकतो असं जे वाटतं, तो गुडघा नसतोच. तो घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला असतो.

हे साम्य कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं असं नाही. फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर बेलाँ याने १५५५ साली पक्ष्यांवरच्या आपल्या पुस्तकात माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी छापला आणि जुळणाऱ्या हाडांना अक्षरांच्या खुणा केल्या. उत्क्रांतीचा विचार मांडला जाण्याच्या तीनशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे. बेलाँला फक्त साम्य दिसलं होतं. ते का आहे, हे सांगता येण्याजोगं त्या काळी काहीच नव्हतं.

एकच हात, चार धंदे

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शरीरशास्त्रीय पुराव्यांचं एक चित्र असतं. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर आणि देवमाशाचा पर. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो आणि मग ते चित्र विसरलं जातं. खरं तर ते चित्र थांबून बघण्यासारखं आहे.

वटवाघळाचा पंख म्हणजे पसरलेला पंजा. त्याची चार बोटं इतकी लांबली आहेत की ती छत्रीच्या काड्यांसारखी पातळ कातडी ताणून धरतात. अंगठा मात्र लहान आणि मोकळा राहिला आहे. त्याच्या नखाचा उपयोग लटकायला, सरपटायला होतो. पक्ष्याने उडण्यासाठी वेगळाच मार्ग घेतला: बोटं कमी केली, एकमेकांना जोडून टाकली आणि काम पिसांवर सोपवलं. डायनासोरच्या काळातल्या उडणाऱ्या टेरोसॉरने तिसरी युक्ती केली. त्याचा पंख मुख्यतः एकाच बोटावर, चौथ्या बोटावर ताणलेला होता. तिघेही उडतात, तिघांच्याही पंखांत हाताचीच हाडं आहेत, पण हाताचा पंख प्रत्येकाने वेगळा बनवला. याचा अर्थ तिघांची उडण्याची कला एकमेकांकडून आलेली नाही.

घोडा उलट्या दिशेने गेला. तो प्रत्येक पायाच्या फक्त मधल्या बोटावर उभा असतो. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट. मधल्या लांब हाडाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक, टोकाकडे निमुळती होत गेलेली हाडं अजून शिल्लक आहेत, शेजारच्या हरवलेल्या बोटांची. घोड्याच्या सुरुवातीच्या पूर्वजांच्या जीवाश्मांत पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन बोटं दिसतात.

आणि देवमाशाचा पर? बाहेरून वल्ह्यासारखा सपाट, एकसंध. पण आत दंडाचं आखूड, जाड हाड, मग दोन हाडं, मग मनगट आणि बोटं. फरक इतकाच की या बोटांना पेरं फार. आपल्या अंगठ्याला दोन आणि बाकीच्या बोटांना तीन पेरं असतात. डॉल्फिन आणि देवमाशांच्या काही बोटांत याहून कितीतरी जास्त असतात. सस्तन प्राण्यांत हे फारच दुर्मिळ आहे.

मानेचा हिशोब तर आणखी गमतीचा. उंदीर, माणूस, जिराफ, तिघांच्याही मानेत मणके सातच. जिराफाची मान लांब झाली ती मणके वाढून नव्हे, तर प्रत्येक मणका पाव मीटरहून लांब होऊन. देवमाशाला बाहेरून मान दिसतच नाही, तरी मणके सात आहेत. फक्त ते चकत्यांसारखे पातळ झालेत आणि अनेक जातींत एकमेकांना चिकटलेत. सस्तन प्राण्यांत या सातच्या नियमाला अपवाद सापडतात ते स्लॉथ आणि मॅनेटी यांच्यात. पक्ष्यांत असा नियमच नाही, हंसाच्या मानेत वीसहून जास्त मणके असतात.

एखाद्या इंजिनीअरला कोरा कागद दिला, तर तो आखूड मानेच्या प्राण्याला आणि लांब मानेच्या प्राण्याला सारखेच सात मणके देणार नाही. निसर्गाला कोरा कागद कधी मिळालाच नाही. जे पूर्वजांकडून आलं, तेच ताणून, दाबून, चिकटवून वापरावं लागलं.

हाडांवरून केलेलं एक भाकीत

तुलनेच्या या शास्त्राला शिस्त लावली ती फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए याने. प्राण्याचे अवयव सुटे सुटे नसतात, एकावरून दुसऱ्याचा अंदाज करता येतो, असं त्याचं म्हणणं होतं. मांस फाडणारे दात असतील, तर जबडा, पंजे, पोट हे सगळं त्याला साजेसंच असणार.

पॅरिसजवळच्या माँमार्त्रच्या खाणीतून त्याच्याकडे एका छोट्या प्राण्याचा जीवाश्म आला. दात आणि जबडा पाहून क्युव्हिएला वाटलं की हा अमेरिकेतल्या ओपॉसमसारखा, म्हणजे कांगारूच्या गटातला पिशवीवाला प्राणी आहे. युरोपात असा प्राणी असण्याची कोणी कल्पनाही केली नव्हती. जीवाश्माचा कमरेचा भाग अजून दगडातच होता. पिशवीवाल्या प्राण्यांच्या कमरेच्या पुढच्या बाजूला दोन खास हाडं असतात. क्युव्हिएने साक्षीदारांना बोलावलं, ती हाडं इथे सापडतील असं आधी सांगितलं आणि मग सुईने दगड खरवडायला घेतला. हाडं निघाली. ही गोष्ट १८०४ ची.

गंमत अशी की क्युव्हिएला उत्क्रांती अजिबात मान्य नव्हती. इंग्लंडमध्ये रिचर्ड ओवेनने १८४३ मध्ये ‘काम आणि रूप कितीही बदललं तरी मुळात तोच अवयव’ या कल्पनेची नेमकी व्याख्या केली. त्यालाही पुढे डार्विनचं स्पष्टीकरण पटलं नाही. चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये माणसाचा हात, घोड्याचा पाय, वटवाघळाचा पंख यांच्या आराखड्याला साधं उत्तर दिलं: हे सगळे एकाच पूर्वजाचे वारस आहेत. ज्यांनी पुरावा गोळा केला, त्यांनी निष्कर्ष नाकारला आणि तो वापरला दुसऱ्यानेच.

पण साम्य फसवतंही

शार्क, डॉल्फिन आणि डायनासोरच्या काळातला इक्थिओसॉर. तिघांची चित्रं शेजारी ठेवली तर एकाच घरातले वाटतील. निमुळतं शरीर, पाठीवर त्रिकोणी पर, जोरकस शेपूट. प्रत्यक्षात शार्क मासा, इक्थिओसॉर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला आणि डॉल्फिन सस्तन. पाण्यात वेगाने जायचं तर आकार असाच लागतो, म्हणून तिघांचाही झाला.

सांगाडा पाहिला की फरक उघडा पडतो. शार्कच्या अंगात खरी हाडं नाहीतच, सगळा सांगाडा कूर्चेचा. इक्थिओसॉरच्या शेपटीचा कणा खालच्या बाजूला वाकलेला आहे आणि शेपूट उभी आहे, माशासारखी डावीउजवीकडे हलणारी. डॉल्फिनची शेपूट आडवी, वरखाली हलते. का? कारण सस्तन प्राण्याचा कणा धावताना वरखाली वाकतो. चित्ता पळताना त्याची पाठ कशी कमानीसारखी होते ते आठवा. डॉल्फिन पाण्यात जणू त्याच पद्धतीने धावतो.

म्हणून दोन सांगाड्यांत साम्य दिसलं की अभ्यासकांपुढे पहिला प्रश्न असतो तो हा: हे साम्य नात्याचं आहे की कामाचं? देवमाशाच्या बाबतीत याच प्रश्नाने शास्त्रज्ञांना दीडशेहून जास्त वर्षं नाचवलं.

देवमासा कोणाचा नातेवाईक?

अमेरिकेत सापडलेल्या प्रचंड मणक्यांवरून रिचर्ड हार्लनने १८३४ मध्ये एका प्राण्याला ‘बॅसिलोसॉरस’ म्हणजे ‘सरड्यांचा राजा’ असं नाव दिलं. त्याला तो समुद्री सरपटणारा प्राणी वाटला. पाच वर्षांनी ओवेनने दात तपासले. दाढांना दोन मुळं होती, आणि असे दात सस्तन प्राण्यांचे असतात. म्हणजे हा पुरातन देवमासा होता. नाव बदलण्याची सोय नियमांत नसल्याने ‘सरड्यांचा राजा’ हे नाव आजही त्या देवमाशालाच आहे. याच बॅसिलोसॉरसचे छोटेसे मागचे पाय, बोटांसकट, इजिप्तच्या वाळवंटात सापडल्याचं १९९० मध्ये जाहीर झालं. इतक्या मोठ्या शरीराला त्या पायांनी चालणं शक्यच नव्हतं.

म्हणजे देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालत होते. पण कोणते? १९६६ मध्ये लेह व्हॅन व्हेलनने दातांच्या आधारावर मेसोनिकिड या खूर असलेल्या, मांसाहारी, आता नामशेष झालेल्या प्राण्यांकडे बोट दाखवलं. दात खरोखर जुळत होते. अनेक वर्षं हेच मत चाललं.

मग १९९० च्या दशकात डीएनएच्या तुलनेने वेगळंच सांगितलं: देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे. म्हणजे देवमासा गाय, बकरी, हरीण, डुक्कर, उंट यांच्या सम-खुरी गटातला. हाडांचे अभ्यासक आणि डीएनएचे अभ्यासक समोरासमोर आले.

निकाल लागला तो घोट्याच्या एका हाडावर. बकरीच्या घोट्यातलं हे हाड प्राचीन काळी खेळात फासे म्हणून वापरलं जायचं. त्याची खासियत म्हणजे दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते, त्यामुळे पाऊल पुढे-मागे सहज झुलतं. बाकीच्या सस्तन प्राण्यांत अशी कप्पी वरच्या टोकालाच असते. हे दोन कप्प्यांचं हाड सम-खुरी प्राण्यांची ओळखपरेडच म्हणावी. पण आजच्या देवमाशाला घोटाच नाही, तर तपासायचं काय? २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी पाकिस्तानात सापडलेल्या पुरातन देवमाशांच्या घोट्यांची हाडं प्रसिद्ध केली. एका गटाचे प्रमुख फिलिप जिंजरिच, दुसऱ्याचे हान्स थेविसन. दोन्हीकडे दोन कप्प्या होत्या. मेसोनिकिडशी जुळणारे दात कामामुळे सारखे झाले होते, नात्यामुळे नव्हे.

कच्छ आणि काश्मीरचे दगड

या गोष्टीचा मोठा भाग भारतीय उपखंडात घडला. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला भिडत होता आणि मधल्या उथळ समुद्राच्या काठावर हे प्राणी राहत होते. गुजरातमधल्या कच्छमध्ये अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७० च्या दशकातच पुरातन देवमाशांच्या जातींची नोंद केली होती. पुढे सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी तिथूनच ‘कच्छिसेटस’ या लहानशा, लांब शेपटीच्या, पाणमांजरासारख्या देवमाशाचं वर्णन २००० मध्ये प्रसिद्ध केलं.

सर्वांत महत्त्वाचा दुवा मात्र जम्मू-काश्मीरमधल्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटचा. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून जीवाश्म असलेले दगड जमवले होते. त्यातले बरेच त्यांच्या हयातीत फोडलेच गेले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने ते थेविसन यांच्याकडे सोपवले. दगड साफ करताना एका कवटीतलं कानाचं हाड चुकून तुटलं आणि आतली रचना दिसली. मधल्या कानाभोवतीच्या हाडाच्या कवचाची आतली भिंत विलक्षण जाड होती. अशी भिंत तोवर फक्त देवमाशांतच माहीत होती.

हा प्राणी म्हणजे ‘इंडोह्यूस’. मांजराएवढा, बारीक पायांचा, छोट्या हरणासारखा, ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्याचा अभ्यास डिसेंबर २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याच्या पायांच्या हाडांचा छेद घेतल्यावर बाहेरची भिंत जाड आणि आतली पोकळी लहान दिसली. जमिनीवर पळणाऱ्या लहान प्राण्याला असं जड हाड परवडत नाही. पाण्याच्या तळाशी चालणाऱ्याला मात्र ते नांगरासारखं उपयोगी पडतं, पाणघोड्याचीही हाडं अशीच जाड असतात. म्हणजे बाहेरून हरीण दिसणारा हा प्राणी बराच वेळ पाण्यात काढत होता. पाय बदलण्याच्या कितीतरी आधी हाडांचं वजन बदललं होतं. आजच्या देवमाशांत पुन्हा उलट झालंय. त्यांची हाडं सच्छिद्र आणि तेलाने भरलेली असतात, कारण तळाशी चालायचं कामच उरलेलं नाही.

हाडांच्या वजनाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करावा. पक्ष्यांची हाडं पोकळ म्हणून त्यांचा सांगाडा हलका, असं सर्रास सांगितलं जातं. शरीराच्या वजनाशी तुलना केली तर पक्ष्याचा सांगाडा तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा फारसा हलका नसतो. हाडं पोकळ आहेत हे खरं, पण त्यांच्या भिंतींचं हाड जास्त घट्ट असतं.

तर मग ती कमरेची हाडं?

देवमाशाची कमरेची हाडं म्हणजे त्या चालणाऱ्या पूर्वजांची उरलेली खूण. पण ती अगदी बिनकामाची आहेत, हे जुन्या पुस्तकांतलं वाक्य आता टिकत नाही. जननेंद्रियांना हलवणारे स्नायू याच हाडांना जोडलेले असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक जातींची ही हाडं मोजली गेली. ज्या जातींत माद्यांसाठी नरांमध्ये चुरस जास्त, त्या जातींच्या नरांत ती शरीराच्या मानाने मोठी आढळली. चालण्याचं काम गेलं, प्रजननाचं राहिलं.

पाय बनवण्याची सूचनाही पूर्ण पुसली गेलेली नाही. डॉल्फिनचा गर्भ आईच्या पोटात काही आठवड्यांचा असतो, तेव्हा त्याच्या अंगावर मागच्या पायांचे छोटे कोंब फुटतात. मग वाढ थांबते आणि ते विरून जातात. क्वचित ते विरत नाहीत. २००६ मध्ये जपानमधल्या ताइजी इथे एक डॉल्फिन पकडला गेला, त्याच्या पोटाखाली, जिथे मागचे पाय असायला हवे होते नेमक्या तिथेच, परांची एक जास्तीची जोडी होती.